धाकटे शेठ तुम्हाला बोलले, तुम्ही मावशींना

सांगलीहून एक पत्र आलंय. मेलवरच आलंय, पण चांगलं लांबलचक आहे, रात्री दीड वाजता लिहिलेलं. नावंगावं काढून थोडक्यात देते, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते तुम्हालाही कळेल.

"ताई, मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर ११ वर्षं हिशोब बघते. मोठे शेठ गादीवर होते तोवर बरं होतं, ते 'बाई, एवढी पट्टी बघता का' असं म्हणायचे. दोन वर्षं झाली धाकटे शेठ बसतात, वय २७. परवा सौद्याच्या दिवशी एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशोबाच्या कागदात, माझ्याकडून १४ च्या जागी ४१ पोती पडली. तर शेतकरी, हमाल, शेजारच्या गाळ्यातले दिवाणजी सगळे उभे असताना शेठ म्हणाले, 'ओ मॅडम, डोकं घरी ठेवून येता का? किती वेळा सांगायचं?' मी गप्प बसले. रात्री घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले पगार घ्यायचा तर ऐकून घ्यावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, मान सांगावा जनात, अपमान सांगावा मनात. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी-फरशीच्या मावशींकडून कढईचं बूड नीट निघालं नव्हतं तर मी ओरडले, 'डोकं घरी ठेवून येतेस का गं? किती वेळा सांगायचं?' लेक सातवीत आहे, तिथंच दप्तर भरत होती. ती म्हणाली, 'आई, हे तर तुझ्या शेठचं वाक्य आहे.' तेव्हापासून मावशी दोन दिवस आल्या नाहीत. तसं आम्ही त्यांच्यासाठी पुष्कळ केलंय, २०१९ च्या पुरात त्यांचं घर गेलं तेव्हा आठ दिवस आमच्याकडं ठेवून घेतलं होतं. तरी मला झोप नाही. नोकरी सोडू का? माझ्यात स्वाभिमानच नाहीये का? आणि अजून एक, जावेनं वास्तुशांतीचं वेगळं बोलावणं केलं नाही, मिस्टरांच्या फोनवर नुसता मेसेज टाकला, तर जावं का? मला अगं म्हटलं तरी चालेल."

नाही, अगं नको. एरवी म्हटलं असतं, आपल्याकडं दोन मिनिटांत अगं होतं, पण आज अहोच म्हणते, कारण तुमच्या पत्रातलं सगळं दुखणं त्या अगं-अहोपाशीच येऊन बसलंय. तुमच्या लक्षात आलं का बघा, शेठनी तुमचा अपमान केला तो "येता का" म्हणून केला, ओ मॅडम म्हणून केला, म्हणजे जिव्हारी लागेल असं बोलताना पण त्या पोरानं अहो-जाहो सोडलं नाही. तुम्ही तेच वाक्य घरी आणलंत आणि आणताना त्यातलं "येता" काढून "येतेस का गं" केलंत. मावशी वयानं तुमच्यापेक्षा मोठ्या असणार, मावशी म्हणता म्हणजे. मी तुम्हाला टोचायला हे लिहीत नाहीये, पण वाक्य वरून खाली येताना कसं उतरत उतरत येतं ते बघण्यासारखं आहे, आणि तुमच्या लेकीनं ते एका दमात पकडलं, हुशार आहे पोरगी.

आता यावर कुणीतरी म्हणेलच की एकेरीत काय वाईट, आपल्याकडं तर आईला अगं म्हणतात आणि विठोबाला अरे. खरं आहे. माझी आजी कोरेगावकडची, ती देवाला, बैलाला, पोस्टमनला सगळ्यांना एकेरीत बोलायची आणि कुणाला कधी राग आला नाही. अहो म्हणायची फक्त वसुलीला येणाऱ्या साहेबाला, आणि ते अहो असं गार असायचं की तो माणूस चहा न घेता जायचा. सांगलीत तर "काय मर्दा" म्हणून गळ्यात हात टाकतात आणि "काय साहेब" म्हणून टोमणा मारतात. तेव्हा मान व्याकरणात नसतो हे मला मान्य आहे, पण मग एक साधी गोष्ट बघायची, समोरचं माणूस आपल्याला तसंच उलट बोलू शकतं का? आजीला पोस्टमन पण "ए म्हातारे, सही कर" म्हणायचा आणि ती हसायची. तुमच्या मावशी तुम्हाला "डोकं कुठं ठेवलंयस गं" म्हणू शकतात का? नाही ना. मग ते एकेरी प्रेमाचं नव्हतं.

सासूबाईंच्या म्हणीवर थोडं बोलू दे. मान सांगावा जनात, अपमान सांगावा मनात. मी पण हेच ऐकत मोठी झाले, आणि या म्हणीत शहाणपण आहेच, सारखं जखम उघडून दाखवत फिरणाऱ्या माणसाला लोक कंटाळतात. पण मनात ठेवलेला अपमान तिथं नुसता पडून राहत नाही हो, तो मुरतो, कैरीच्या फोडीसारखा, आणि मग ज्याच्यासमोर बरणी उघडायला भीती वाटत नाही त्याच्यासमोर उघडते. शेठसमोर उघडली नाही, मिस्टरांसमोर अर्धी उघडली तर त्यांनी झाकण लावलं, सासूबाईंनी वरून फडकं बांधलं, सकाळी मावशी समोर आल्या. (मिस्टरांवर फार रागावू नका. कुपवाडच्या एमआयडीसीत आहेत असं लिहिलंयत, ते पण दिवसभर कुणाचं तरी ऐकूनच घरी येत असतील, त्यांनी स्वतःला जे समजावलं तेच तुम्हाला सांगितलं. बरोबर सांगितलं असं नाही.)

हे मला कसं कळतं तर मी हे केलंय. लग्नाआधी साताऱ्यात एका ऑफिसात सात वर्षं टायपिंग करत होते, तिथले साहेब चुकलेला कागद हातात द्यायचे नाहीत, टेबलाच्या पलीकडं टाकायचे, म्हणजे तो उचलायला वाकावं लागायचं. रोज एकदा तरी. मी सात वर्षांत एकदाही म्हटलं नाही की साहेब, हातात द्या. मला वाटायचं मी फार सोशिक आहे, समजूतदार आहे, बाकीच्या बायका लगेच तोंड चालवतात तशी मी नाही. आणि घरी गेले की आईवर करवादायचे, भाजी खारट, पाणी गरम नाही, असलं काहीतरी. आई काही बोलायची नाही. फक्त एखाद्या दिवशी मी घरात शिरून नीट बोलले, तू बस, चहा मी करते असं म्हटलं, की ती म्हणायची, "आज साहेब रजेवर होते वाटतं." ती हे गमतीत म्हणायची आणि मी पण हसायचे, आणि त्या हसण्याची लाज मला आई गेल्यावर वाटली, आधी नाही.

तेव्हा तुमचा प्रश्न, माझ्यात स्वाभिमानच नाहीये का. मला वाटतं आहे. शेठ बोलले त्या रात्री तुम्हाला झोप लागली होती की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, मावशींना बोललात त्यानंतर झोप गेली हे मात्र लिहिलंय. स्वतःबद्दल काहीच न वाटणाऱ्या माणसाची दुसऱ्याला बोलल्यावर झोप जात नाही. लोक काय समजतात, स्वाभिमान म्हणजे ताठ उभं राहून समोरच्याला चार शब्द सुनावणं. ते कधीतरी लागतं, पण माणूस स्वतःच्या नजरेत उतरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यानं अपमान केल्यामुळं नाही, आपण काहीतरी हलकं वागल्यामुळं उतरतो, आणि ते आपल्याला बरोबर कळतं, कुणी सांगावं लागत नाही. तुमचा शेठ सुधारणं तुमच्या हातात नाही, मावशींचं काम मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, म्हणून मी सुरुवात तिथून करायला सांगणार, शेठपासून नाही. तुम्हाला हे उलटं वाटेल.

मावशी परत आल्या की, नाही आल्या तर तुम्ही त्यांच्या घरी जाऊन, सांगायचं की परवा मी बोलले ते चुकलं, कामावरचा राग तुमच्यावर काढला. बस. लेकीच्या समोर सांगायचं, कारण बोललात ते तिच्या समोर. पुढं "पण कढई पण..." असलं काही जोडायचं नाही, कढईचं नंतर चार दिवसांनी सांगा. आणि हातात दोनशे रुपये किंवा जुनी साडी ठेवायची नाही त्या वेळी, प्लीज. आपल्याकडं ही फार सवय आहे, सॉरी म्हणायचं जिवावर येतं म्हणून वस्तू द्यायची, म्हणजे समोरच्याला आभार मानावे लागतात आणि आपण परत वरच्या पायरीवर.

आता पुराचं. हे वाक्य तुमच्या पत्रात जिथं आलंय ना, "तसं आम्ही त्यांच्यासाठी पुष्कळ केलंय", तिथं मी थांबले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, जिथं ४५ ला धोका म्हणतात, तेव्हा कुणी कुणासाठी काय काय केलं ते सांगलीकराला सांगायला नको, दार उघडून एका कुटुंबाला आठ दिवस ठेवून घेणं ही मोठीच गोष्ट आहे आणि तुमच्या घरानं ती केली. पण उपकार आणि मान हे दोन वेगळे हिशोब आहेत, तुम्हीच हिशोबाच्या माणूस आहात, एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातल्या नावेपोटी टाकता येते का? पूर ओसरला, त्या आठ दिवसांचे आभार मावशींनी तेव्हाच मानले असतील, वर गेली कित्येक वर्षं रोज येऊन काम पण केलं, त्याचे पैसे तुम्ही दिलेत, ते खातं बंद. परवाच्या सकाळचं खातं नवीन आहे.

आणि एक विचारू का, राग मानू नका, तुमच्या पत्रात नाहीये हे, मी माझ्याकडून विचारतेय. मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का? आमच्या घरी होता. साताऱ्यात, आईच्या स्वयंपाकघरात खिडकीत, दांडी तुटलेला, आमच्या कपांच्या फळीवर कधी न गेलेला. काम करणाऱ्या बाई तो स्वतः धुऊन परत खिडकीत पालथा घालायच्या. का वेगळा असं मी लहानपणी विचारलं तर "स्वच्छतेसाठी" असं उत्तर मिळालं, आणि गंमत बघा, त्याच बाई घरातली झाडून सगळी भांडी घासत होत्या, आमचे सगळ्यांचे कप त्यांच्याच हातनं स्वच्छ होत होते. तो कप कशासाठी वेगळा असतो ते आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, मावशींची जात तुम्ही लिहिली नाहीत आणि मी विचारत नाही, पण तो कप लिहितो ती. तुमच्या घरी नसेल तर उत्तमच, हा परिच्छेद सोडून द्या. असेल तर एवढंच आठवून बघा, पुरातल्या त्या आठ दिवसांत मावशी कुठल्या कपातनं चहा पीत होत्या, आणि पाणी उतरल्यावर तो कप परत खिडकीत कुणी ठेवला.

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला या विषयावर एक गोष्ट टाळता येत नाही. राजवाड्यापाशी प्रतापसिंह हायस्कूल आहे, तिथं ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं, म्हणून तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून करतात. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०१ ला, ते आणि त्यांच्याबरोबरची घरातली मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला (मुंबईचं नव्हे, खटाव तालुक्यातलं) निघाली, रेल्वेनं मसूर स्टेशनवर उतरली, न्यायला कुणी आलं नाही. ही सगळी हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. मुलांचे कपडे छान, नीटनेटके, त्यामुळं स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली, कुठं जायचं बाळांनो वगैरे, आणि मुलांनी खरं सांगितलं की आम्ही महार, तर त्याचा चेहराच बदलला. गाडीवाले कुणी न्यायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्याला, आणि वर अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. डब्यात खायला होतं पण वाटेत पाणी कुणी दिलं नाही. नऊ-दहा वर्षांचं वय.

तुमच्या स्वयंपाकघराची आणि त्या प्रवासाची बरोबरी मी करत नाहीये, ते फार वेगळं आणि फार मोठं आहे. पण मी मसूरवरनं एसटीनं गेले की मला दर वेळी तो स्टेशनमास्तर आठवतो, गाडीवाला नाही. गाडीवाला निदान उघड होता. स्टेशनमास्तर चांगला माणूस होता की, प्रेमानं विचारत होता, फक्त ते प्रेम कपड्यांना होतं आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. आणि दुप्पट भाडं. पैसे पुरते मोजून दिले तरी पोरांना मागं बसायला मिळालं नाही. आपण म्हणतो ना, आम्ही वेळेवर पगार देतो, दिवाळीला बोनस देतो. देता, ते दिलंच पाहिजे, पण तेवढ्यानं मान दिला असं होत नाही, आणि हेच तुम्ही शेठबद्दल म्हणताय की, पगार वेळेवर होतो तरी मला लागतं.

चला, शेठकडं येऊ.

आधी एक कडू गोळी. १४ च्या जागी ४१ ही चूक तुमची आहे, आणि पत्रात तुम्ही ती अर्ध्या वाक्यात उरकलीय. २७ पोत्यांचा फरक आहे हो, हळदीचा, म्हणजे रक्कम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत. शेठचं बोलणं वाईट होतं म्हणून चूक लहान होत नाही, आणि चूक मोठी होती म्हणून ते बोलणं बरोबर ठरत नाही, दोन्ही आपापल्या जागी ठेवा. तुम्ही ती स्वतःहून कबूल केलीत तर तुमच्या बोलण्याला वजन येईल.

मग असं करा. सौदे चालू असताना नाही, हंगामातल्या गर्दीच्या दिवशी तर अजिबात नाही, एखाद्या दिवशी दुपारी गाळा थंड असतो तेव्हा, "शेठ, पाच मिनिटं आत बोलायचंय" म्हणायचं. बसायचं, उभ्यानं नको. आणि साधारण असं बोलायचं, शब्द तुमचे घाला: "त्या दिवशी पट्टीत चूक माझी झाली. यापुढं पट्टी बाहेर जायच्या आधी पोत्यांचा आकडा मी तोलाईच्या चिठ्ठीशी दुसऱ्यांदा ताडून बघणार, तशी खूण करणार. पण शेतकऱ्यांसमोर डोकं काढलंत ते मला चालणार नाही. चूक झाली तर आत बोलवा, पाहिजे तेवढं सांगा, मी ऐकीन. बाहेर नाही." आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही (रडू आलं तर येऊ दे, पाणी प्या आणि पुढचं वाक्य बोला), आणि बोलून झालं की गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, आपण घाईनं "म्हणजे तसं काही नाही शेठ, राग नका मानू" म्हणून स्वतःचंच सगळं पुसून टाकतो.

धंद्याच्या अंगानं पण सांगा, ते शेठच्या कानाला जास्त लागेल. ज्या पेढीवर हिशोबाच्या बाईला डोकं नाही असं मालकच ओरडून सांगतो, तिथला काटा आणि पट्टी यावर लांबनं आलेला शेतकरी कशाला विश्वास ठेवेल? तो पुढच्या वेळी शेजारच्या गाळ्यावर पोती उतरवेल.

एक गोष्ट मात्र चुकूनसुद्धा बोलू नका, "मोठे शेठ असं नव्हते बोलत." मला माहितीये, ते वाक्य जिभेच्या टोकावर असणार. ते बोललात की विषय तुमचा राहत नाही, बापलेकाचा होतो. त्या पोराला दिवसातनं दहा जण हेच ऐकवत असतील, सत्तावीस वर्षांचं वय, समोर बापाच्या वयाचे अडते आणि व्यापारी, वचक बसवायचा तर कुणावर, तर जी उलट बोलत नाही त्या बाईवर. त्याला पण कुणीतरी वरनं दाबतंय आणि तो खाली उतरवतोय. समजून घ्या, पण सोडून देऊ नका.

परत तसंच झालं तर? तर त्याच क्षणी एकदाच, शांतपणे, "शेठ, आत बोलू" एवढंच म्हणायचं आणि उठून आत जायचं. भांडायचं नाही. दोनदा तीनदा असं झालं तर त्याला कळेल, नाहीतर तुम्हाला तरी कळेल की इथं आता राहण्यात अर्थ नाही. आणि त्याचं बोलणं डोक्यापर्यंतच राहत नसेल, कपडे, दिसणं, बाई असणं इथपर्यंत जात असेल तर प्रकरण वेगळं, त्यासाठी कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, आणि पेढीवर दहापेक्षा कमी माणसं असली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. पत्रावरनं तसं वाटत नाही, तरी माहीत असावं.

नोकरी सोडू का म्हणालात, तर रागात नाही. राग असतो त्या दिवशी राजीनामा लिहिला तरी फाडून टाका. पण सोडायची वेळ आली तर काय, हे आजच कागदावर मांडून ठेवा, कारण माणूस मान खाली घालतं ते पुष्कळदा घाबरून, आणि भीती आकडे बघितले की थोडी कमी होते. पेढीवर १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाच वर्षांवर नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी लागू होते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा कागदावर मूळ पगार १८,००० असेल तर ११ वर्षांचे १ लाख १४ हजारांच्या आसपास होतात. "समजा" म्हणतेय, तुमच्या पेढीवर माणसं किती, कागदावर पगार काय दाखवलाय आणि हातात काय मिळतो हे तुम्हालाच ठाऊक, ओळखीच्या सीएला किंवा कामगार कार्यालयात विचारून पक्कं करा. फंड कापला जात असेल तर त्याचा यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा कायमचा नंबर, शोधून मोबाईलवर शिल्लक बघा. आणि अकरा वर्षं हळदीच्या हंगामाचा हिशोब, टॅली, जीएसटी, अडतीचं सगळं येतं अशी बाई यार्डात किती जणांना पाहिजे असेल याची चौकशी गुपचूप करायला काय जातंय. जायचं नसलं तरी करा. दुसरं दार आहे हे माहीत असलं की पहिल्या दारात माणूस वेगळं उभं राहतं.

जाता जाता हमालांबद्दल. तुमच्या पत्रात ते एकदाच येतात, तुमचा अपमान बघणाऱ्यांच्या यादीत, म्हणजे त्यांनी बघितलं हे तुम्हाला जास्त लागलं असं मला वाटलं, चुकत असेन तर सांगा. तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारता? १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांची नोंद, मजुरी, फंड हे सगळं मंडळातर्फे व्हायला लागलं, ते भांडून मिळवलेलं आहे. "ए" मात्र कायद्यानं जात नाही, ते गाळ्यागाळ्यावर बसलेल्या माणसानं काढायचं असतं, आणि गादीवरच्या शेठनं काढायच्या आधी हिशोबाच्या टेबलावरनं काढता येतं.

आणि जावेचं. अहो, मेसेज आला म्हणजे बोलावणं आलं! वास्तुशांतीला माणसाच्या डोक्याला किती ताप असतो ते घर बांधलेल्यालाच माहीत. हे मानपान आहे, याच्यात आणि वरच्या सगळ्यात गल्लत करू नका. आमचे एक मामा कराडला एका लग्नात, व्याह्यांना गुलाबी फेटा आणि आपल्याला भगवा बांधला म्हणून रुसून एसटी स्टँडवर जाऊन बसले होते, संध्याकाळी पाचपर्यंत, उपाशी. इकडं पंगती उठल्या तरी कुणाच्या लक्षातच आलं नाही मामा नाहीत ते. तुम्ही जा, जेवा, घर बघा, छान आहे म्हणा, या.

पत्र परत एकदा वाचलं मी हे लिहून झाल्यावर. तुम्ही खूप मोकळेपणानं लिहिलंय, धाकट्या शेठचं नाव आहे, मोठ्या शेठचं आहे, मिस्टरांचं, जावेचं, लेकीचं तर लाडाचं पण नाव आहे, शेजारच्या गाळ्यातल्या दिवाणजींचं आडनाव आहे, सगळी मी छापताना काढली. मावशींचं काढावं लागलं नाही. परत लिहाल तेव्हा त्या आल्या का ते कळवा, आणि त्यांचं नाव काय तेही लिहा.